विटांच्या घराला बाहेरून कुठला रंग शोभेल? (घरातली भांडणं मिटवा)

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, शक्यतो लवकर.

आमचं सहकारनगरातलं घर सासऱ्यांनी ऐंशीच्या दशकात बांधलं. तळमजला अधिक एक. खाली काळ्या दगडाचं जोतं, पुढची दर्शनी भिंत आणि जिन्याची उंच भिंत उघड्या विटांची, बाकी सगळीकडे गिलावा. गिलाव्यावर शेवटचा रंग बदामी होता म्हणे. आता तो मळक्या गुलाबीवर आलाय आणि विटेशेजारी फार केविलवाणा दिसतो. खिडक्या सागवानी, ग्रिल हिरवे, त्यातले निम्मे गंजलेले.

दिवाळीच्या आत बाहेरून रंग काढायचा आहे. आता उमेदवार ऐका. लेकीला गडद राखाडी हवाय, तिने फोनवर पन्नास फोटो जमवलेत. यांना पांढराशुभ्र, "घर कसं स्वच्छ दिसलं पाहिजे." मावससासूबाईंचं म्हणणं पूर्वेच्या तोंडाला पिवळाच हवा. आणि रंगारी म्हणतो, "ताई, विटापण मारून टाकू की, सगळं एकसारखं दिसेल."

तर रंग कुठला, विटांवर रंग मारावा का, आणि ऑगस्टअखेर चालू आहे तर काम कधी काढावं? बजेट मध्यम. सासरे ८६ वर्षांचे आहेत, ते काही बोलत नाहीत, पण रंगारी विटांकडे बोट दाखवत होता तेव्हा उठून आत गेले.

---

उंटावरचा शहाणा

चौघांचे चार रंग चार भिंतींना द्या. घर गणपतीच्या मांडवासारखं दिसेल, पण शांतता नांदेल.

अवांतर: रंगाऱ्याला चौरस फुटावर पैसे मिळतात. तो विटा मारू नका कशाला सांगेल?

---

सदाशिवपेठी

विटांवर रंग?? शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड आणि वर वीट आहे. वाडा १७३२ चा, १८२८ च्या आगीत आतलं बरंच जळलं, तट अजून उभा आहे. कुणी त्याच्यावर इमल्शन मारलं का? तुमच्या घराची रचना तीच, दगडाचं जोतं आणि वर वीट. दोन्ही जिथे आहेत तिथे राहू द्या.

सासरेबुवा उठून आत गेले यातच उत्तर आलं.

---

आडवा छेद

मी आर्किटेक्ट आहे, जुन्या बंगल्यांचीच कामं जास्त करते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमच्या घराचा रंग ठरलेला आहे. तो वीट आहे. तिच्याशेजारी कोण बसणार एवढाच प्रश्न आहे. लोक दुकानात जाऊन शेड कार्ड उघडतात, आवडता रंग निवडतात आणि मग तो विटेबरोबर जातो का ते बघतात. उलटं करा. आधी खुर्ची टाकून विटेसमोर बसा.

विटांची भिंत लांबून लाल वाटते, पण जवळ गेलात की त्यात निदान चार रंग सापडतील. बहुतेक विटा केशरट लाल. भट्टीत आगीच्या जवळ होत्या त्या जास्त भाजलेल्या, जांभळट, कडेला जवळजवळ काळ्या. आच कमी लागलेल्या फिकट, अबोलीकडे झुकणाऱ्या. आणि चौथा रंग सगळे विसरतात, तो दरज्यांचा. विटांच्या मधला मसाला भिंतीचा बऱ्यापैकी भाग व्यापतो. चाळीस वर्षांत तो राखाडी राहिलेला नसतो. धूळ आणि पाऊस खाऊन मातकट, शाडूच्या मातीसारखा झालेला असतो.

माझा ठोकताळा असा की गिलाव्याचा रंग दरज्यातून उचला, ग्रिलचा रंग सगळ्यात काळपट विटेतून. म्हणजे भिंतीला गव्हाळ, मातकट पांढरा, हस्तिदंती यांतलं काही, आणि लोखंडाला काळपट तपकिरी किंवा कोळशाचा रंग. लेकीचा गडद राखाडी तिथे बसतो. तिला सांगा, तुझा रंग घेतलाय, फक्त भिंतीला नाही.

दुसरं, विटेवर पाणी मारून बघा. ओली वीट तिचा अस्सल रंग दाखवते. केशरी झाक असेल तर शेजारी पिवळसर झाकेचे रंग घ्या. जांभळट झाक असेल तर थोडा करडा चालतो. गुलाबी झाकेचा कुठलाही फिकट रंग विटेजवळ नको. आत्ता तुमचं घर केविलवाणं दिसतंय ते त्यामुळेच. बदामीतला पिवळा उडाला आणि मागे गुलाबी उरला.

पांढऱ्याशुभ्राबद्दल. काही शेड कार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा छापलेला असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ. लाल वीट ढोबळमानाने विसाच्या आसपास. तिच्याशेजारी पंच्याऐंशीचा पांढरा लावलात तर डोळा आधी पांढऱ्यावर जातो आणि वीट मागे पडून काळपट वाटायला लागते. एप्रिलच्या दुपारी फाटकातून आत येताना डोळे मिचकावावे लागतील ते वेगळंच. पंचावन्न ते सत्तरच्या मधले रंग बघा.

---

चहाटळ

वाचनखूण साठवली. पण एक शंका. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदाने विटेच्या कमानींना करड्या काँक्रीटच्या आडव्या तुळयांचीच जोड दिलीय आणि ते जगभर नावाजलं गेलंय. मग राखाडी विटेशी जात नाही हे कसं?

---

आडवा छेद

@चहाटळ, चांगला मुद्दा. राखाडी जात नाही असं मी म्हटलं नाही, भिंतभर गडद राखाडी नको म्हटलं. काँक्रीट उघडं असतं, त्यात डाग असतात, फळ्यांच्या खुणा असतात, उन्हापावसाने ते पिवळट होतं. डब्यातला राखाडी सपाट असतो आणि बहुतेक वेळा त्यात निळी झाक असते. शिवाय कान यांच्याकडे काँक्रीट मोजकंच आहे, राज्य विटेचंच. इथे निम्मं घर गिलाव्याचं आहे.

---

दुर्बीण

निळ्या झाकेवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. विणकरांची तक्रार होती की काळा धागा काही ठिकाणी फिका दिसतो. त्याने रंग तपासला, तो ठीक निघाला. दोष शेजारच्या रंगांचा होता. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, हे त्याने १८३९ मध्ये तपशिलात मांडलं.

विटेचा लालकेशरी शेजाऱ्याला हिरव्यानिळ्याकडे ढकलणार. म्हणजे दुकानात निव्वळ राखाडी दिसलेला रंग तुमच्या भिंतीवर निळसर दिसेल. आणि जो दुकानात जरा पिवळट, "मळका" वाटतो तो विटेजवळ छान निवळतो. त्यामुळे कार्डावर जो सुंदर दिसतो त्याच्यावर भाळू नका.

---

निवृत्त रसायन

आयुष्य रंगांच्या कारखान्यात गेलं, आता घरी नातवंडांच्या चित्रकलेच्या वह्या तपासतो. शोभेचं वर आलंच आहे, मी टिकण्याबद्दल लिहितो.

विटांवर रंग मारू नका. वीट पाणी पिते आणि ते सोडते. पावसाळ्यात पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंती भरपूर पितात, ऑक्टोबरच्या उन्हात ते बाहेर पडतं. तुम्ही वर प्लॅस्टिकची कातडी चढवलीत तरी पाणी आत शिरायचं थांबत नाही. ते गच्चीच्या कठड्यातून, सज्ज्याच्या सांध्यातून, जोत्याखालून येतच राहतं. बाहेर पडायची वाट मात्र बंद होते. मग पाणी रंगाच्या मागे साठतं, येताना विटेतले क्षार घेऊन येतं, आणि ते क्षार तिथे फुलतात. आधी फोड, मग पोपडा, आणि पोपड्याबरोबर विटेचा वरचा पापुद्राही सुटतो. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर परत खरवडा, परत मारा. एकदा मारलेली वीट पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

आत्ता विटांवर पांढरी पूड दिसते का? म्हणजे खार फुटली आहे का? असेल तर कोरड्या दिवशी कोरड्या ताठ ब्रशने झाडा आणि खाली पडलेली पूड उचलून टाका. लगेच पाणी मारू नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. आणि रंगाऱ्याने ॲसिड मारू म्हटलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. ॲसिड आधी दरज्यातला मसाला खातं.

विटांचं संरक्षणच करायचं असेल तर सिलेन-सिलोक्सेन जातीचं पाणीरोधक मिळतं. ते विटेच्या छिद्रांत मुरतं, वर थर बनवत नाही. पाणी बाहेरच्या बाहेर मण्यासारखं ओघळतं, वाफ मात्र आतून निघू शकते. चकचकीत क्लिअर कोट घेऊ नका, तो थर बनवतो आणि काही वर्षांत पिवळा किंवा दुधी पडतो. दुकानदार दोन्हींना "सिलिकॉन" म्हणून देतो, म्हणून डबा वाचून घ्या.

ते लावण्याआधी दरजे बघा. किल्लीच्या टोकाने खरवडून मसाला भुगा होऊन पडत असेल तर अर्धा-पाऊण इंच खोल कोरून नवे भरून घ्यावे लागतील. नुसत्या सिमेंटचा कडक मसाला भरू देऊ नका. दरजा विटेपेक्षा कडक झाला की ओल विटेतून वाट काढते आणि वीट झिजते. सिमेंट, चुना, वाळू १:१:६ पुरेसं. चुना म्हटल्यावर हल्लीचे गवंडी तोंड वाकडं करतात, त्यांना करू द्या.

कुठले रंग उडतात. उजळ पिवळा, नारिंगी, राणी, जांभळा यांत बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यं असतात, ती उन्हात उडतात. गेरू, पिवळी माती, तपकिरी, काळा ही लोखंडाच्या ऑक्साइडची कुळं. ती उडत नाहीत. तुमची वीटही लाल आहे ती मातीतल्या लोखंडामुळेच. म्हणजे गव्हाळ रंग विटेचा चुलतभाऊ झाला. मावससासूबाईंना पिवळा हवाय ना? पिवळ्या मातीच्या कुळातला फिकट गव्हाळ द्या. वास्तुशास्त्रही खूश, रसायनशास्त्रही खूश.

गडद राखाडीचा रंग स्वतः उडत नाही, पण इमल्शन जुनं झालं की वर पांढरट भुकटी सुटते. फिकट भिंतीवर ती दिसत नाही, गडद भिंतीवर खडूच्या फळ्यासारखी दिसते. शिवाय गडद भिंत ऊन पिते, खोल्या तापतात.

कधी काढायचं. ऑगस्टअखेर नाही. पुण्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतो आणि तो संध्याकाळी गडगडाटासह येतो, नेमका दुसरा हात ओला असताना. पाऊस गेल्यावरही भिंत आतून ओलीच असते. साधी परीक्षा: हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव धरलं तर थांबा.

---

पर्वतीपायथा

बाप रे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. विटांवर रंग नाही, हे आज जेवताना जाहीर केलं. सासरे एवढंच म्हणाले, "त्या विटा मी भट्टीवर बसून निवडल्यात." मग भात मागून घेतला.

पण काका, दिवाळीच्या आत होणारच नाही का? तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य आहे.

---

निवृत्त रसायन

कार्य तुळशीच्या लग्नानंतर आहे ना, मग घाई कशाला? आत्ता उघडीप मिळेल तशी ग्रिल घासायला घ्या. गंज पूर्ण काढून त्याच दिवशी प्रायमर, घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. कठड्याचे, सज्ज्याचे तडे भरून घ्या. नवा गिलावा कुठे केलात तर त्याला अठ्ठावीस दिवस द्यावेच लागतात, नाहीतर त्यातला क्षार रंग खातो आणि तिथे ठिगळ दिसतं. ते दिवस आत्ता मोजायला लागलात तर पाऊस संपेपर्यंत संपतील. दरजे पाऊस थांबल्यावर, आणि भिंतींचे दोन हात दिवाळीच्या आगेमागे, आकाशाकडे बघून.

---

शिकागोचा सदू

इकडचं सांगतो. शिकागोत १८७१ च्या मोठ्या आगीनंतर लाकडी घरांवर बंधनं आली आणि शहर विटेचं झालं. जुनी विटांची घरं गल्लोगल्ली आहेत. अलीकडे ती पांढरी किंवा काळी रंगवायची टूम निघालीय. लेकीचे पन्नास फोटो बहुधा अशाच घरांचे असणार.

इथे त्याचा त्रास जास्त होतो, कारण रंगामागे अडकलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि विटेचा चेहराच उडवतं. पुण्यात गोठण्याची भीती नाही, पण तिकडचा पावसाळा सलग चार महिने भिंत भिजवतो, तो आमच्याकडे नाही. म्हणजे कारण वेगळं, गत तीच.

ज्यांना वीट फिकी करायचीच आहे ते इथे चुन्याचा पातळ हात देतात. तो श्वास घेतो आणि हळूहळू झिजत जातो, त्यामुळे वीट पुन्हा दिसायला लागते. आपल्याकडे चुन्याची सफेदी पिढ्यान्‌पिढ्या होतीच की.

---

शेंगदाण्याचं कूट

रंगवलेल्या विटा कशा दिसतात त्याचं उदाहरण माझ्या दारात आहे. कर्वेनगरचं घर आम्ही घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी पुढच्या विटांवर चॉकलेटी ऑइलपेंट मारलेला होता, त्यावर दरजे पांढऱ्या रेघांनी आखलेले. म्हणजे विटेवर विटेचं चित्र! पहिल्या पावसाळ्यातच खालच्या चार थरांना फोड आले. फोड नखाने उचलला की आत ओली पांढरी पूड आणि रंगाच्या मागच्या बाजूला विटेचा लाल पापुद्रा चिकटलेला.

काढायला गेलो तर एकाने वाळूचा मारा सुचवला. सुदैवाने माझा भाऊ सिव्हिलवाला, त्याने नको म्हटलं. भाजताना विटेला वरून जो कडक थर येतो तो वाळूने निघून जातो आणि आतली मऊ वीट उघडी पडते. मग रंग मऊ करणारं रसायन लावून, लाकडी पट्टीने, हातभर-हातभर. दोन माणसं कितीतरी दिवस तेच करत होती. पैशांचं विचारू नका.

---

मनमोकळी

वास्तूवाल्या मावशींची बाजू कुणीच घेत नाही म्हणून मी घेते. गव्हाळ पिवळा खरंच छान दिसतो. आमच्या औंधच्या जुन्या सोसायटीत तोच आहे. संध्याकाळचं ऊन पडलं की विटा आणि भिंत एकाच मातीच्या वाटतात. फक्त लिंबाकडे झुकणारा नको, तो सरकारी क्वार्टर्ससारखा दिसतो.

हिरव्या ग्रिलचं काय? मला वाटतं हिरवा ठेवावा. झाडांमधे बरा दिसतो.

---

आडवा छेद

@मनमोकळी, हिरवा ठेवायला हरकत नाही, पण कुठला ते महत्त्वाचं. लाल आणि हिरवा एकमेकांच्या विरुद्ध, दोन्ही झगझगीत असले की डोळ्यांत भांडतात. त्यातला एक मळवावा लागतो. वीट मळणार नाही, म्हणून हिरवा मळवा: शेवाळी, सुकलेल्या ऑलिव्हचा, कढीपत्त्याच्या जुन्या पानाचा. बाजारातला तयार "ग्रिलचा हिरवा" नको.

पर्वतीपायथा, आता नमुने कसे बघायचे ते सांगते, कारण इथेच बहुतेक लोक घाई करतात. भिंतीवर थेट पट्टे ओढू नका. जुना गुलाबी बाजूला असताना डोळा फसतो (दुर्बीण यांचे शेव्रलसाहेब पुन्हा). सिमेंटच्या पत्र्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे घ्या, आधी पांढरा प्रायमर, मग नमुन्याच्या छोट्या डब्यातले पूर्ण दोन हात. वाळल्यावर ते विटेला टेकवून उभे करा. वीतभर अंतरावर नाही, टेकवून. सकाळी आठला, भर दुपारी आणि साडेपाचला बघा. पूर्वेच्या भिंतीजवळ आणि मग पश्चिमेच्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काहीही ठरवू नका.

आणि ढगाळ दिवशीही बघा. पुण्यात वर्षाचे चार महिने तसाच उजेड असतो.

---

दुर्बीण

दिशेबद्दल थोडी भर. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे दोन शून्य सावली दिवसांच्या मधे, दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेवढ्याच काळात भर दुपारी उत्तरेच्या भिंतीला ऊन मिळू शकतं, आणि त्यातला मोठा भाग ढगांतच जातो. मग हिवाळाभर ती सावलीत. म्हणून शेवाळ नेहमी उत्तरेला. दक्षिणेची भिंत मात्र हिवाळाभर ऊन खाते, तिथला रंग आधी उडतो. एकच रंग दोन भिंतींवर दोन दिसणार, ते गृहीत धरा. रंगाऱ्याशी भांडू नका.

---

निवृत्त रसायन

+१. उत्तरेचं शेवाळ नुसतं घासून वर रंग मारला तर पुढच्या श्रावणात ते रंगातून डोकं काढतं. आधी ब्लीचिंगच्या पाण्याने किंवा बुरशीनाशकाने मारा, धुवा, सुकवा, मग प्रायमर. शेजारच्या विटांवर आणि तुळशीवर ते पाणी जाऊ देऊ नका.

आणखी एक, रंगाऱ्याला सावलीच्या मागे चालायला सांगा. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. तापलेल्या भिंतीवर रंग पसरायच्या आत सुकतो आणि ब्रशचे फराटे राहतात.

---

उंटावरचा शहाणा

या धाग्यावरचा रंगारी आतापर्यंत ब्लीचिंगने भिंत धुतोय, सावलीच्या मागे चालतोय, प्लॅस्टिकमागचं दव तपासतोय आणि चहा पिऊन घरी जातोय. हा माणूस मिळाला की त्याचा नंबर मलाही द्या.

---

चौकट राजा

खर्चाचा कुणी विषय काढला नाही म्हणून. गिलाव्याचंच क्षेत्रफळ मोजा, विटांचं वगळा, खिडक्या वजा करा. बऱ्या प्रतीचं बाहेरचं इमल्शन लिटरमागे दोन हातांना साधारण पन्नास ते साठ चौरस फूट जातं. त्यावरून रंग किती लागेल ते तुम्हालाच कळेल आणि ठेकेदाराचा अंदाज फुगवलेला आहे का तेही. खरा पैसा परांची आणि मजुरीत जातो, म्हणून रंगाच्या डब्यात काटकसर करू नका. परांची एकदा बांधली की जिन्याच्या उंच भिंतीचे दरजेही त्याच फेऱ्यात उरका.

सगळ्या भिंतींचा रंग एकाच वेळी मिसळून घ्या. दोनदा मिसळलेल्या डब्यांत फरक पडतो. बॅच वेगळी आलीच तर बदल कोपऱ्यावर करा, भिंतीच्या मधे नाही.

---

पर्वतीपायथा

अपडेट देते.

पत्र्याचे चार तुकडे केले: पांढराशुभ्र, लेकीचा राखाडी, गव्हाळ, आणि आडवा छेदताईंच्या पद्धतीने दरज्यातून उचललेला मातकट पांढरा. त्यासाठी दरज्यातला सुटलेला मसाल्याचा खडा कागदात बांधून दुकानात नेला. तिथल्या मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खड्याकडे, आणि मुकाट्याने कार्ड लावायला बसला.

राखाडी विटेला टेकवला आणि लेक स्वतःच म्हणाली, "हा तर निळा आहे." कार्डावर निळ्याचा मागमूस नव्हता. पांढऱ्याशुभ्राने सकाळी आठला बरं दाखवलं, पण दुपारी यांनीच कपाळावर हात धरून बघितलं. त्यावर मी काही बोलले नाही. गव्हाळ उन्हात सुंदर, पण काल आभाळ भरून आलं तेव्हा जरा उदास झाला. मातकट पांढरा दुकानात कुणी फुकट दिला तरी घेतला नसता असा दिसत होता. विटेजवळ गेल्यावर तो पांढरा वाटतो, आणि विटा अचानक नव्या दिसतात.

विटा भिजवूनही बघितल्या. आमच्या केशरीच आहेत, वरच्या बाजूला दोन ओळी जांभळट. सासऱ्यांच्या म्हणण्यानुसार शेवटचा ट्रक दुसऱ्या भट्टीचा होता.

तर भिंतींना मातकट पांढरा. सज्ज्यांच्या कडा आणि फाटकाचे खांब गव्हाळ, ते मावशींसाठी. ग्रिल आणि फाटक कोळशाच्या रंगात, ते लेकीसाठी. यांना काय मिळालं असं ते विचारत आहेत.

---

सदाशिवपेठी

यांना बिल मिळेल.

---

आडवा छेद

छान ठरलं. सज्ज्याच्या कडेबद्दल एक सूचना. तिथे गव्हाळ लावण्याआधी सज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, पाणी तुटायला खाच आहे का बघा. जुन्या बांधकामात असते, पण प्रत्येक रंगकामात पुट्टीने भरत जाते. खाच बुजली की पाणी कडेवरून वळून भिंतीवर येतं आणि फिकट रंगावर काळे ओघळ पडतात. खिळ्याने कोरून मोकळी करा. रंगापेक्षा जास्त उपयोग तिचा होईल.

सागवानाला पॉलिशच ठेवा, रंग नको. आणि दगडाच्या जोत्याला काहीही लावू नका. पावसाचे शिंतोडे तिथे उडतात आणि काळा दगड ते निमूट पचवतो.

---

पर्वतीपायथा

खाच बुजलेलीच आहे! आत्ताच जाऊन बोट फिरवून आले.

एक राहिलं. पुढच्या विटांवरून दोन पीव्हीसी पाइप खाली उतरतात, करड्या रंगाचे. यांचं काय करू? रंगारी म्हणतो भिंतीचाच मारू.

---

निवृत्त रसायन

विटेवर पांढरे पाइप उतरवलेत तर लांबून तेच दिसतील. पाइप ज्याच्यावरून जातो त्याचा रंग घ्या. विटेवरचा भाग विटकरी, आणि तोही जांभळट विटेच्या जवळचा, उजळ लाल नाही. गिलाव्यावर आला की भिंतीचा. पीव्हीसी गुळगुळीत असतो, आधी बारीक पॉलिश पेपरने घासून प्लॅस्टिकला धरणारा प्रायमर द्या, नाहीतर सापाच्या कातेसारखा रंग सुटून येईल. क्लॅम्प काढून मागूनही रंगवा. आणि मीटरच्या सीलवर रंग उडणार नाही एवढं बघा, रंगारी हमखास उडवतात.